लॅटिन नावांची वंशावळ

ज्या रोमन लोकांनी ब्रिटनच्या किनाऱ्यापासून युफ्रेटिसच्या काठापर्यंतचा मुलूख जिंकला, त्याची खानेसुमारी केली, त्यावर पक्के रस्ते बांधले आणि त्याचा कारभार कायद्याच्या कलमांनी बांधून टाकला, ते लोक स्वतःच्या अपत्यांना नावे देण्याच्या बाबतीत मात्र कमालीचे कृपण होते. गणराज्याच्या उत्तरकाळात पुरुषांची जी व्यक्तिनामे सर्रास प्रचारात होती त्यांची संख्या विसाच्या आसपासच भरते. आणि स्त्रियांना तर बहुधा स्वतंत्र व्यक्तिनामच नसे. असे असूनही आज लिस्बनपासून मॉस्कोपर्यंत आणि मेक्सिकोपासून मडगावपर्यंत कोट्यवधी माणसे ज्या नावांनी हाका मारतात व ओळखली जातात, त्या नावांचा फार मोठा वाटा या कृपण लोकांच्या भाषेतून आलेला आहे. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर एवढी विपुल नामसृष्टी कशी उभी राहिली, हा प्रश्न केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा नाही. नाव म्हणजे काय आणि ते कशाच्या बळावर जगते, याचा उलगडा त्यातून होतो.

आरंभी एक मर्यादा आखून घेतली पाहिजे. लॅटिनच्या वाटेने आलेले नाव आणि लॅटिन मुळाचे नाव या दोन भिन्न गोष्टी होत. जॉन, जोसेफ, मायकेल ही नावे मूळची हिब्रू; पीटर, जॉर्ज, फिलिप ही ग्रीक; ती चर्चच्या लॅटिन दप्तरातून युरोपभर पसरली खरी, परंतु लॅटिन भाषेत त्यांचा नुसता मुक्काम झाला, जन्म नव्हे. याच्या उलट मार्क, पॉल, मार्टिन, अँटनी, लॉरेन्स, व्हिन्सेंट, व्हिक्टर, डॉमिनिक, क्लेमेंट, ज्युलिया, सेसिलिया, क्लारा ही नावे रोमच्या मातीतली आहेत, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तीच होत.

रोमन नागरिकाचे नाव तीन पदरी असे. पहिले व्यक्तिनाम, दुसरे कुलनाम आणि तिसरे, त्या कुलातील विशिष्ट शाखेची ओळख पटविणारे उपनाम. गायस ज्युलिअस सीझर या नावात गायस हे व्यक्तिनाम, ज्युलिअस हे कुल आणि सीझर ही शाखा. मुलाचे नामकरण जन्मानंतर नवव्या दिवशी व मुलीचे आठव्या दिवशी होई. त्या दिवसाला शुद्धीचा दिवस मानीत, आणि जन्माचे अशौच फिटल्यावर नाव देण्याची ही वहिवाट आपल्या बारशाला पुष्कळच जवळची आहे. व्यक्तिनामे इतकी थोडी होती, की शिलालेखांत व दस्तऐवजांत ती पूर्ण लिहिण्याची गरजच पडत नसे. नुसत्या आद्याक्षरावर काम भागे. गायस या नावाचा संक्षेप मात्र 'ग'कारी अक्षराने न होता 'क'कारी अक्षराने होत असे, कारण प्राचीन लॅटिन वर्णमालेत या दोन ध्वनींना एकच चिन्ह होते. पुढे 'ग'साठी नवे अक्षर आले तरी जुना संक्षेप दप्तरात कायमच राहिला.

या व्यक्तिनामांपैकी काहींचे अर्थ उघड आहेत. क्विंटस म्हणजे पाचवा, सेक्स्टस म्हणजे सहावा, डेसिमस म्हणजे दहावा. परंतु प्रसिद्ध वक्ता सिसेरो याच्या एकुलत्या एक धाकट्या भावाचे नाव क्विंटस होते, यावरून ध्यानात येईल की ऐतिहासिक काळात त्या संख्येचा मुलांच्या क्रमाशी काहीएक संबंध उरलेला नव्हता. घराण्यात चालत आलेले नाव म्हणून ते ठेवले जाई, एवढेच. स्त्रियांची गत याहून साधी होती. ज्युलिअस कुलातील कन्या ती ज्युलिया, कॉर्नेलिअस कुलातील ती कॉर्नेलिया, क्लॉडिअस कुलातील ती क्लॉडिया, आणि सिसेरोच्या टुलिअस कुलातील कन्या अर्थातच टुलिया. एकाच घरात दोन मुली असल्या तर थोरली व धाकटी अशी विशेषणे लावीत, आणि तिसरी झाली तर तिला सरळ 'तिसरी' म्हणत. आज जी नावे युरोपात ललित आणि नाजूक वाटतात, ती मुळात कुळाची नोंद सांगणारी निव्वळ कारभारी अभिधाने होती.

रोमन विनोदबुद्धीला जी काही मोकळीक मिळाली, ती तिसऱ्या पदरात, म्हणजे उपनामांत. रूफस म्हणजे तांबूस केसांचा, पॉलस म्हणजे ठेंगणा, नासो म्हणजे मोठ्या नाकाचा; महाकवी ओव्हिडचे उपनाम नासो हेच होते. सिसेरो हे उपनाम हरभऱ्याच्या लॅटिन नावावरून आले. प्लूटार्कने लिहिले आहे की त्याच्या कोणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती. आणि तरुण सिसेरो राजकारणात उतरला तेव्हा हे हास्यास्पद नाव टाकून द्यावे अशी मसलत त्याला मित्रांनी दिली असता, हेच नाव मोठमोठ्या घराण्यांच्या नावांहून कीर्तिमान करून दाखवीन, असे त्याने उत्तर दिले. पुढे सिसिलीत खजिन्याचा अधिकारी असताना त्याने देवाला एक रुपेरी पात्र अर्पण केले. त्यावर आपली पहिली दोन नावे अक्षरांनी कोरविली आणि तिसऱ्याच्या जागी कारागिराकडून हरभऱ्याचा एक दाणा काढून घेतला. नावाचा अर्थ आणि नावाचा माणूस यांतील झुंजीत माणूस जिंकतो, याचा इतका प्रसन्न दाखला प्राचीन वाङ्मयात विरळा.

नावावर राज्यसत्तेचा हुकूम चालविण्याचा प्रयोगही रोमने केला होता. मार्क अँटनीचा पाडाव झाल्यावर, इ. स. पूर्व ३० मध्ये, सेनेटने ठराव केला की यापुढे अँटोनिअस कुलातील कोणीही मार्कस हे व्यक्तिनाम धारण करू नये. या फर्मानामागे बदनाम झालेल्या माणसाची स्मृती पुसण्याचा हेतू होता. परंतु काळाने या ठरावाची जी गत केली ती पाहण्यासारखी आहे: मार्कस आणि अँटोनिअस ही दोन्ही नावे आज जगातील सर्वाधिक प्रचलित नावांत मोडतात, आणि ज्यांच्यामुळे ती टिकली त्या सत्पुरुषांचा अँटनीच्या घराण्याशी कसलाही संबंध नव्हता.

ही तीन पदरी पद्धती कोसळली ती परचक्राने नव्हे, तर एका उदार सनदेमुळे. इ. स. २१२ मध्ये सम्राट काराकाला याने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रयतेला नागरिकत्व बहाल केले. नव्या नागरिकाने ज्याच्या कृपेने नागरिकत्व मिळाले त्याचे कुलनाम घ्यावयाचे, असा जुना शिरस्ता होता. आणि काराकालाचे अधिकृत नाव मार्कस ऑरेलिअस अँटोनिनस असल्यामुळे लक्षावधी माणसे एका फटक्यात 'ऑरेलिअस' झाली. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसच्या कागदपत्रांत या सनदेनंतर शेतकरी, सावकार, गहाणदार आणि साक्षीदार असे सारेच ऑरेलिअस दिसतात. जे कुलनाम सर्वांना लागते ते कोणाचीच ओळख पटवीत नाही. म्हणून ते हळूहळू गळून पडले आणि माणूस पुन्हा एका नावावर आला. ते एक नाव पुष्कळदा पूर्वीचे उपनाम असे. आज आपण ज्यांना लॅटिन व्यक्तिनामे म्हणतो त्यांपैकी अनेकांचा जन्म खरे पाहता या पडझडीत झाला आहे.

याच सुमारास ख्रिस्ती धर्म वाढत होता, आणि त्याने लॅटिनमध्ये नवीन नावे घडविली. बाप्तिस्म्याने पुनर्जन्म होतो या श्रद्धेतून 'पुन्हा जन्मलेला' या अर्थाचे रेनातुस हे नाव निघाले. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे रेने हे नाव, आणि रेनातो व रेनाता ही त्याचीच रूपे. 'आशीर्वादित' या अर्थाच्या बेनेडिक्टसपासून इटालियन बेनेदेत्तो, फ्रेंच बन्वा, पोर्तुगीज बेंतु व हंगेरियन बेनेदेक झाले. 'प्रभूचा' या अर्थाच्या डॉमिनिकसपासून डॉमिनिक आणि दोमिंगुश. 'जन्म' या अर्थाचा जो लॅटिन शब्द ख्रिस्तजन्माच्या उत्सवाला लागला, त्यापासून पोर्तुगीजांचा 'नाताल' व त्यावरून आपला नाताळ झाला. त्याच शब्दापासून नातालिया हे नाव निघाले, आणि त्या नावाचे रशियन लाडके रूप म्हणजे नताशा. आज मराठी घरांतूनही क्वचित ऐकू येणारी नताशा आणि नाताळ हे एकाच मुळाचे अंकुर आहेत, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लोकांनी तर या बाबतीत अखंड वाक्येच नावे म्हणून वापरली. कार्थेजच्या पाचव्या शतकातील एका बिशपचे नाव क्वोद्वुल्तदेउस, म्हणजे 'देवाची इच्छा असेल ते', असे होते. संत ऑगस्टीनच्या मुलाचे नाव आदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. संस्कृतातील देवदत्त या नावाचा अर्थही हाच. आणि हे केवळ अर्थसाम्य नाही, तर लॅटिन 'देउस' व संस्कृत 'देव', लॅटिन 'दातुस' व संस्कृत 'दत्त' ही एकाच प्राचीन भाषाकुलातील सख्खी भावंडे आहेत.

परंतु नव्या धर्माने जुनी देवनामे हद्दपार केली असे समजणे चूक ठरेल. इ. स. ५३३ मध्ये मर्क्युरिअस नावाचा एक धर्मगुरू पोप झाला तेव्हा त्याला मूर्तिपूजकांच्या देवाचे नाव त्या पदावर शोभेना, म्हणून त्याने ते टाकून दुसरा जॉन असे नाव धारण केले; नाव बदलणारा पहिला पोप तो हाच. पण त्याच रोममध्ये युद्धदेव मार्सवरून आलेली मार्कस व मार्टिनस ही नावे निर्धास्तपणे चालू होती, कारण त्या नावांचे शुभवर्तमानकार व संत होऊन गेले होते. अर्थ कोणी तपासला नाही. धारण करणारा पाहिला.

पुढे साम्राज्य मोडले, लॅटिनच्या पोटातून नवनव्या भाषा जन्मल्या, आणि प्रत्येक भाषेने या नावांना आपल्या जिभेप्रमाणे वळण दिले. पॉलस हे एकच नाव घेऊन ही क्रिया जवळून पाहता येते. तार्ससचा सौल, म्हणजे ख्रिस्ती धर्माचा प्रेषित संत पॉल, हा जन्माने यहुदी व अधिकाराने रोमन नागरिक. त्याचे रोमन नाव पॉलस, म्हणजे ठेंगणा. इटलीत त्याचा पाओलो झाला, पोर्तुगालात पाउलु, स्पेनमध्ये पाब्लो, फ्रान्समध्ये पोल, हंगेरीत पाल आणि फिनलंडमध्ये पाव्हो. ग्रीक भाषेत काळाच्या ओघात 'अउ' या जोडस्वराचा उच्चार 'अव्' असा होऊ लागला होता, म्हणून बायझँटाइन चर्चच्या द्वारे ज्या लोकांना हे नाव मिळाले त्या रशियनांकडे ते पावेल या रूपाने पोचले. अरबी भाषेत 'प' हा ध्वनीच नाही, म्हणून तेथील ख्रिस्ती लोकांनी त्याचा बूलुस केला. कोकणीत तो पावलू झाला आणि मराठी बायबलात पौल. पिकासो व नेरुदा यांचा पाब्लो आणि गोव्यातील पावलू यांच्या नावाचे मूळ एक ठेंगणा रोमन होता, हे सांगितल्यावाचून कोणाला सुचणार नाही.

लॉरेन्सची कथा याहून लांब पल्ल्याची आहे. लॉरेंटिअस म्हणजे लॉरेंटम गावचा रहिवासी. पुढे लोकांनी त्याचा संबंध विजयमाला गुंफण्याच्या लॉरेल वृक्षाशी जोडला. इ. स. २५८ मध्ये रोमला हुतात्मा झालेल्या संत लॉरेन्समुळे हे नाव सर्वदूर गेले. इटलीत व स्पेनमध्ये लोरेन्झो, फ्रान्समध्ये लोरां, जर्मनीत लोरेन्त्स, पोर्तुगालात लोरेंसु, रशियात लाव्रेंती आणि हंगेरीत लोरिन्त्स. स्कँडिनेव्हियात तर झिजत झिजत ते केवळ लार्स एवढेच उरले. स्त्रीनामांत असाच प्रवास सेसिलियाचा. सीसिलिअस या कुलनामाचा संबंध 'आंधळा' या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडतात. पण संगीताची अधिष्ठात्री मानलेल्या संत सेसिलियेमुळे ते लोकप्रिय झाले, आणि आयर्लंडमध्ये त्याचे रूप शीला असे झाले. आपल्याकडची शीला संस्कृत 'शील' शब्दाची; तिचा आयरिश शीलेशी काडीचाही संबंध नाही. उच्चार जुळला म्हणजे गोत्र जुळले असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे.

साहित्यिकांनी व राज्यकर्त्यांनीही या नामसृष्टीत थोडीफार भर घातली. 'कौतुकास पात्र' या अर्थाचे मिरांडा हे नाव शेक्सपिअरने 'द टेम्पेस्ट' नाटकातील नायिकेसाठी घडविले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात संतांचा वीट येऊन लोक ब्रूटस आणि ग्रॅकस अशी गणराज्यकालीन नावे घेऊ लागले. क्रांतिकारक बाबफ याने स्वतःस ग्रॅकस म्हणवून घेतले. अखेर १८०३ मध्ये फ्रान्सने कायदाच केला, की जन्मनोंदणीत निरनिराळ्या पंचांगांतील प्रचलित नावे व प्राचीन इतिहासातील प्रसिद्ध व्यक्तींची नावे एवढीच मंजूर व्हावीत. म्हणजे संत किंवा प्राचीन पुरुष, याखेरीज तिसरी वाट सरकारने ठेवली नाही. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया हे विजयवाचक लॅटिन नाव एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अपरिचित होते. राणीला ते तिच्या जर्मन आईकडून मिळाले. पण तिच्या राज्यारोहणानंतर ते इतके पसरले, की मुंबईच्या रस्त्यावरील घोडागाडीदेखील व्हिक्टोरिया झाली.

आपल्या किनाऱ्याशी या वंशावळीची गाठ पडली ती १५१० नंतर, पोर्तुगीजांच्या अमलात. बाप्तिस्म्याच्या वेळी संतांचे नाव द्यावयाचे, हा चर्चचा दंडक. त्यामुळे आंतोनियु, दोमिंगुश, लोरेंसु, फ्रांसिश्कु, व्हिसेंत, कायतान, लुझिया अशी नावे गोव्यात व उत्तर कोकणात रूढ झाली. यांपैकी फ्रांसिश्कुच्या मागे एका कापडव्यापाऱ्याची हौस आहे. इटलीतील असीसी गावच्या पिएत्रोच्या मुलाचा बाप्तिस्मा जोव्हानी या नावाने झाला होता. पण फ्रान्सच्या व्यापारावरून परतलेल्या बापाने त्याला फ्रांचेस्को, म्हणजे फ्रान्सवाला, म्हणण्यास सुरुवात केली, आणि तो मुलगा पुढे संत झाल्यामुळे हे नाव जगभर गेले. वसईचे मराठी लेखक आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे नाव त्याच परंपरेतले. आंतोनियुचा कोकणीत आंतोन झाला. ज्या पादुआच्या संत अँटनीची भक्ती गोव्यात आजही जागृत आहे, तो मूळचा लिस्बनचा फर्नांदु. फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केल्यावर इजिप्तच्या तपस्वी अँटनीवरून त्याने हे नाव घेतले. सेनेटने ज्या घराण्याचे नाव खाली खेचले, ते वाळवंटातील एका तपस्व्याने वर उचलले, ते असे.

लोटलीच्या मिरांडा घराण्यातील प्रसिद्ध व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचे पूर्ण नाव मारिओ जुआंव कार्लुश दु रुझारियु द ब्रितु मिरांडा असे होते. त्यातील मारिओ म्हणजे रोमन सेनापती मारिअसचे कुलनाम. जुआंव हिब्रू, कार्लुश जर्मानिक, आणि रुझारियु हे जपमाळेचे लॅटिन नाव, मुळात गुलाबांचा ताटवा. मारिओ हे मारियाचे पुल्लिंग असावे असे अनेकांना वाटते. वास्तविक मारिया हिब्रू मिर्यामपासून आलेली असून मारिअस कुलाशी तिचा उच्चार जुळला, हा निव्वळ योगायोग. रोम, जेरुसलेम आणि राईनच्या काठच्या टोळ्या अशा एका माणसाच्या नावात शेजारी राहू शकतात.

आता या साऱ्याचे तात्पर्य एका नावात सांगता येते. मार्टिनस म्हणजे युद्धदेव मार्सचा. चौथ्या शतकात एका रोमन लष्करी अधिकाऱ्याने आपल्या मुलास हे नाव दिले. तो मुलगा सैन्यात गेला. आमियां शहराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा तलवारीने अर्धा कापून दिला, अशी कथा आहे. नंतर त्याने शस्त्र टाकले आणि तो तूरचा बिशप झाला. ११ नोव्हेंबर हा त्याचा स्मरणदिन. १४८३ मध्ये १० नोव्हेंबरला जन्मलेल्या एका जर्मन बालकाचा बाप्तिस्मा दुसऱ्याच दिवशी झाला, म्हणून त्याला मार्टिन हे नाव मिळाले. तोच धर्मसुधारक मार्टिन लूथर. १९२९ मध्ये अमेरिकेत अटलांटा येथे एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घरी मायकेल नावाचा मुलगा जन्मला. १९३४ मध्ये जर्मनीची यात्रा करून आल्यावर त्या पित्याने लूथरच्या आदरापोटी स्वतःचे व मुलाचे नाव मार्टिन लूथर असे केले. तो मुलगा, म्हणजे मार्टिन लूथर किंग, अहिंसेचा पुरस्कर्ता झाला, आणि १९५९ मध्ये गांधीजींच्या देशाचे दर्शन घेण्यासाठी आला तेव्हा मुंबईच्या मणिभवनात मुक्कामाला राहिला. युद्धदेवाचे नाव अहिंसेच्या उपासकाला लाभले, आणि यात कोणालाही विसंगती वाटली नाही.

नावाचा अर्थ शब्दकोशात असतो, पण त्याचे आयुष्य त्याला धारण करणाऱ्यांच्या हाती असते. हरभऱ्यावरून, ठेंगणेपणावरून, आंधळेपणावरून आलेली नावे दोन हजार वर्षे टिकली, आणि मार्कस व अँटोनिअस ही नावे सेनेटच्या ठरावासही पुसता आली नाहीत. बाळाच्या नावासाठी अर्थासहित नावांच्या याद्या चाळणाऱ्या मातापित्यांनी त्या अवश्य चाळाव्यात. पण नाव पसंत करण्यापूर्वी ते पूर्वी कोणी धारण केले होते याचीही चौकशी करावी. नावाला मोल येते ते तेथून.